टोरांटोत नवं घर घेतलंय? रॅकूनशी गाठ पडण्याआधी हे वाचा

आमचा टोरांटोतला पहिलाच मार्च होता. पहाटे तीनच्या सुमारास झोपायच्या खोलीच्या वर कुणीतरी जड पावलांनी चालल्याचा आवाज आला. घर एकमजली, वर फक्त उतरत्या छपराखालचा माळा. इथे त्याला ॲटिक म्हणतात. नवऱ्याला चोर वाटला. मला आजोळी, कोकणात, रात्री कौलांवरून पळणारं उदमांजर आठवलं. माझा अंदाज खऱ्याच्या जास्त जवळचा होता. वर रॅकूनची मादी होती आणि तिच्यासोबत चार पिल्लं होती. पिल्लांचं मात्र आम्हाला तेव्हा कळलं नाही, आणि सगळा घोळ तिथेच झाला.

दुसऱ्या दिवशी फोनवर जो पहिला माणूस मिळाला त्याला बोलावलं. संध्याकाळी मादी बाहेर पडली तशी त्याने भोकावर फळी ठोकली, पैसे घेतले आणि गेला. रात्री ती परत आली. आत पिल्लं रडत होती, बाहेर ती छप्पर ओरबाडत होती. सकाळपर्यंत तिने दुसऱ्या कोपऱ्यात पहिल्यापेक्षा मोठं भगदाड पाडलं होतं. छपराचा खर्च दुप्पट झाला, पण मला आजही आठवतो तो त्या रात्रीचा आवाज. तुमच्या घरात असं होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

१. आधी प्राणी ओळखून घ्या

रॅकूनला मराठीत नाव नाही, कारण तो आपल्याकडे नाहीच. हा मूळचा उत्तर अमेरिकेतला प्राणी. डोळ्यांवर काळा पट्टा, शेपटीवर कडी, वजन साधारण पाच ते दहा किलो. हिवाळ्याआधी तो चरबी साठवतो तेव्हा आणखी भरतो. दिसायला मांजर आणि अस्वलाच्या मधला, पण कूळ दोघांपेक्षाही वेगळं.

त्याची सगळी हुशारी पुढच्या पंज्यांत आहे. पाच सुटी बोटं, आणि चिखलात उमटलेला ठसा लहान मुलाच्या हातासारखा. तो अन्न पाण्यात बुडवून चाचपतो म्हणून लोक म्हणतात की तो धुऊन खातो. त्याच्या शास्त्रीय नावातल्या 'लोटोर' या शब्दाचा अर्थही धुणारा असाच आहे. खरं तर पंजे ओले झाले की त्याची स्पर्शाची जाणीव वाढते. ओढ्यात दगडाखालचा खेकडा तो न बघता, नुसत्या हाताने शोधतो. तुमच्या कचऱ्याच्या डब्याची कडी तो याच हातांनी चाचपतो. शिवाय मागचे पाय उलटे वळवून तो झाडावरून डोकं खाली करून उतरू शकतो. त्यामुळे 'इतक्या उंचावर कसा येईल' हा विचार सोडून द्या.

टोरांटोत तो इतका का आहे, हे शहराचा नकाशा पाहिला की कळतं. शहरभर झाडांनी भरलेल्या घळी पसरल्या आहेत, इथे त्यांना रॅव्हिन म्हणतात. झोपायला झाड, प्यायला ओढा आणि वर रस्त्यावर आपला कचरा.

२. आवाज ओळखा

दिवसा, विशेषतः सकाळी, भिंतीत किंवा माळ्यावर हलकी खुडबुड आणि कुरतडणं ऐकू आलं तर बहुधा खार. रात्री बारीक, सततची खरवड असेल तर उंदीर. अंधार पडल्यावर आणि पहाटेच्या आधी माणूस चालल्यासारखा धपधप आवाज येत असेल तर रॅकून. त्यासोबत पक्ष्याच्या पिल्लासारखी चिवचिव किंवा कुईकुई ऐकू आली, तर आत बाळं आहेत असं धरून चला.

३. कचऱ्याची शिस्त लावा

रॅकून काहीही खातो: किडे, अळ्या, बेडूक, खेकडे, अंडी, द्राक्षं, मका, पक्ष्यांसाठी ठेवलेले दाणे, मांजराच्या वाटीतलं खाणं. शहरात त्याला सगळ्यात सोपा पडतो तो ओला कचरा.

टोरांटो महापालिकेने २०१६ पासून घरोघरी नवे हिरवे डबे दिले. त्यांच्या झाकणाला फिरवायची कडी आहे. कचरागाडीचा यांत्रिक हात डबा उलटा करतो तेव्हाच कुलूप आपोआप सुटतं. डबा चांगला आहे, पण तीन गोष्टी लक्षात ठेवा. कडी पूर्ण फिरवल्याशिवाय डबा बंद होत नाही, नुसतं झाकण पडलं म्हणजे झालं असं नाही. डबा ओसंडून भरला तर कडी बसत नाही. आणि रॅकून डबा आडवा पाडून झाकणाशी झटापट करतात, म्हणून तो भिंतीला किंवा कुंपणाला दोरीने बांधून ठेवा. कडी सैल किंवा मोडकी असेल तर ३११ ला, म्हणजे महापालिकेच्या मदत क्रमांकाला, फोन करून दुरुस्तीची विनंती नोंदवता येते.

आपल्या स्वयंपाकघराबद्दल एक खास सूचना. माशांची डोकी, कोळंबीची सालं, मटणाची हाडं हे सगळं हिरव्या डब्यात चालतं, पण डबा आठवड्यातून एकदाच उचलला जातो. उन्हाळ्यात तीन दिवसांचा वास आख्ख्या गल्लीला आमंत्रण देतो. मी असा कचरा पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवते आणि उचलायच्या दिवशी सकाळी डब्यात टाकते. डबाही आदल्या रात्री न काढता सकाळी सातच्या आत रस्त्याकडेला ठेवते. सुके बोंबील किंवा जवळा गॅरेजमध्ये ठेवायची सवय असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

४. अंगणात काहीही मांडू नका, काकबळीसुद्धा

हे लिहिताना मला थोडं जड जातं. पितृपक्षात आपण कावळ्यासाठी घास ठेवतो. आमच्याकडेही पहिल्या वर्षी मागच्या डेकवर, म्हणजे घराला लागून असलेल्या लाकडी ओट्यावर, केळीच्या पानावर खीर, वडे, भात ठेवला होता. कावळे आले, पण उरलेलं रात्री रॅकूनने संपवलं. पुढचे दोन आठवडे तो रोज त्याच वेळेला डेकवर येऊन दाराच्या काचेवर पंजे ठेवून उभा राहायचा. टोरांटोत २०२३ पासून स्वतःच्या अंगणातही वन्यप्राण्यांना खायला घालायला मनाई आहे. आता आम्ही घास घरात देवापुढे ठेवतो आणि गावी भावाला कावळ्याला घास घालायला सांगतो. तुमच्या घरी काय करायचं ते घरच्या वडीलधाऱ्यांशी बोलून ठरवा, पण रात्री बाहेर अन्न राहू देऊ नका.

पक्ष्यांचे दाणे संध्याकाळी आत घ्या. बार्बेक्यूची जाळी घासून ठेवा आणि खालचं तेलाचं भांडं रिकामं करा. द्राक्षवेल किंवा मका लावला असेल तर पिकायच्या आदल्या रात्री रॅकून येणारच, त्याला वासावरून दिवस कळतो. म्हणून फळ वेळेत उतरवून घ्या.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हिरवळ चटईसारखी गुंडाळून ठेवलेली दिसली तर घाबरू नका. खाली भुंगेऱ्यांच्या पांढऱ्या अळ्या आहेत आणि रॅकून त्या खायला येतो. अळ्यांचा बंदोबस्त केला की तो यायचा थांबतो. बागेच्या दुकानात यासाठी नेमॅटोड नावाचे सूक्ष्म कृमी मिळतात. ते उन्हाळ्याच्या शेवटी ओल्या मातीत सोडायचे असतात.

५. माळ्यावर असेल तर आधी पिल्लं आहेत का ते पाहा

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: पिल्लं नाहीत याची खात्री झाल्याशिवाय कुठलंही भोक बंद करू नका.

इथे पिल्लं साधारण मार्च ते मे या काळात जन्मतात, बहुतेक एका वेळी तीन ते पाच. सुमारे तीन आठवडे त्यांचे डोळे मिटलेले असतात. दोन महिन्यांपर्यंत ती आईच्या मागे बाहेर पडू शकत नाहीत. म्हणजे मार्चपासून जुलैपर्यंत माळ्यावर जो रॅकून आहे ती बाळंतीण आहे असं समजूनच वागा. दिवसाउजेडी बाहेर हिंडणारा रॅकून दिसला म्हणजे तो पिसाळलेला असेलच असं नाही. दूध पाजणाऱ्या मादीला भूक जास्त लागते आणि ती दुपारीही खायला बाहेर पडते.

भोक शोधायला दिवसा घराभोवती चक्कर मारा. वळचणीखालची फळी, जिला इथे सॉफिट म्हणतात, छपराच्या दोन उतारांचा सांधा, हवा जाण्याची झडप, झाकण नसलेली चिमणी, डेकखालची पोकळी, ही ठरलेली ठिकाणं. सुमारे दहा सेंटीमीटरची फट त्याला पुरते. कडेला राखाडी केस अडकलेले, भिंतीवर किंवा पाण्याच्या पन्हाळीवर मातकट पंजे दिसले तर वाट तीच.

माळ्यावर स्वतः चढून टॉर्च घेऊन समोरासमोर जाऊ नका. पिल्लांजवळची आई हल्ला करू शकते.

आत कोणी आहे का हे तपासायची सोपी युक्ती म्हणजे वर्तमानपत्राचे बोळे भोकात सैलसर कोंबून ठेवायचे. दोन-तीन रात्री ते जागचे हलले नाहीत तर आत कोणी नाही. कडक थंडीत मात्र या युक्तीवर विसंबू नका. रॅकून खरी शीतनिद्रा घेत नाही, पण फार थंडी पडली की दिवसच्या दिवस झोपून राहतो. तेव्हा बोळा हलला नाही तरी तो आत असू शकतो.

६. आईला पिल्लं हलवायला वेळ द्या

मादीला एकच बिळ नसतं. आसपास तिच्या दोन-तीन जागा ठरलेल्या असतात. आताची जागा असुरक्षित वाटली की ती पिल्लांना मानेला धरून एकेक करून दुसरीकडे नेते. आपलं काम एवढंच की तिला ही जागा गैरसोयीची वाटेल असं करायचं आणि दार उघडं ठेवायचं.

आम्हाला हे दुसऱ्या भगदाडानंतर 'टोरांटो वाइल्डलाइफ सेंटर' या संस्थेच्या मार्गदर्शनातून कळलं. माळ्याच्या झाकणाजवळ प्रखर दिवा लावला आणि माणसांच्या बोलण्याचा आवाज रात्रंदिवस चालू ठेवला. गाण्यापेक्षा बोलणं बरं, कारण माणूस जवळ आहे असं तिला वाटायला हवं. मी जुन्या फोनवर कीर्तनं लावून ठेवली होती. तिसऱ्या रात्री अकराच्या सुमारास आम्ही स्वयंपाकघरातला दिवा मालवून खिडकीशी बसलो. ती एक पिल्लू तोंडात धरून पन्हाळीवरून उतरली, कुंपणावरून पलीकडे गेली आणि वीस मिनिटांनी परत आली. चार फेऱ्या झाल्या. चौथ्यानंतर ती एकदा पुन्हा आत जाऊन आली, बहुतेक काही राहिलं नाही ना हे बघायला. माझे डोळे भरून आले होते.

पाऊस, थंडी किंवा फार लहान पिल्लं असतील तर तिला जास्त दिवस लागतात. घाई करू नका. अडचण नसेल तर पिल्लं मोठी होईपर्यंत थांबणं हा सगळ्यात सोपा उपाय आहे. जुलै-ऑगस्टपर्यंत ती आईसोबत आपणहून जातात.

हे मात्र करू नका:

- डांबराच्या गोळ्या किंवा अमोनिया. त्यांची वाफ न हलता येणाऱ्या पिल्लांना आणि तुमच्या घरातल्या माणसांना बाधते. आई त्याने जाईलच असं नाही.
- पिंजऱ्यात पकडून लांबच्या जंगलात सोडणं. टोरांटो ज्या प्रांतात आहे त्या ओंटारिओच्या १९९७ च्या मत्स्य व वन्यजीव संवर्धन कायद्यानुसार पकडलेला प्राणी एक किलोमीटरच्या आत सोडावा लागतो. अनोळखी प्रदेशात तो बहुतेक तगत नाही आणि मागे पिल्लं उपाशी मरतात.
- भोकावर एकाच बाजूने उघडणारं दार (प्राणी बाहेर जातो, पण परत आत येऊ शकत नाही) पिल्लं असताना बसवणं. आई बाहेर जाईल, पण पिल्लं आत अडकतील. हे दार फक्त प्रौढ रॅकूनसाठी, पिल्लं नाहीत याची खात्री करूनच वापरायचं.
- पिल्लू उचलून घरात आणणं. ते पाळणं इथे बेकायदा आहे. एकटं पिल्लू दिसलं तर आई परत येते का ते पाहा आणि वाइल्डलाइफ सेंटरला कळवा.

७. घर बंद करा, पण फळीने नाही

फळी, फोम किंवा प्लास्टिकची जाळी रॅकून एका रात्रीत उखडतो. गॅल्व्हनाइज्ड लोखंडी जाळी लागते, अर्धा इंच चौकटींची आणि जाड तारेची. ती स्टेपलरने न मारता वॉशर लावून स्क्रूने पक्की करा आणि भोकाच्या चारही बाजूंनी वीतभर जास्त घ्या. डेकखाली जाळी जमिनीत साधारण ३० सेंटीमीटर खोल उतरवून तेवढीच बाहेरच्या बाजूला वळवा, म्हणजे उकरणाऱ्याचे पंजे जाळीला लागतील. चिमणीला धातूची टोपी बसवा. छपराला टेकणाऱ्या फांद्या छाटा.

हाताशी असावं असं सामान: जाड चामडी हातमोजे, टॉर्च, जाळी कापायची कात्री, स्क्रू आणि ड्रिल, दुर्बीण (छप्पर खालून तपासायला), जुनी वर्तमानपत्रं, दिवा आणि रेडिओ. शिडीवर चढायची सवय नसेल तर माणूस बोलवा.

८. विष्ठेची जागा हलक्यात घेऊ नका

रॅकून ठरावीक जागीच पुन्हा पुन्हा विष्ठा करतो: झाडाच्या बुंध्याशी, सपाट छपरावर, लाकडाच्या ढिगावर, डेकच्या कोपऱ्यात. त्यात एका गोल जंताची अंडी असू शकतात. माणसाला लागण क्वचित होते, पण झाली तर मेंदू आणि डोळे यांना गंभीर इजा होते. माती तोंडात घालणाऱ्या लहान मुलांना धोका जास्त.

दिलासा असा की ताज्या विष्ठेतली अंडी लगेच बाधत नाहीत, त्याला दोन ते चार आठवडे लागतात. म्हणून दिसताक्षणी साफ करा. हातमोजे, रबरी बूट, एन-९५ मास्क घाला. धूळ उडू नये म्हणून आधी थोडं पाणी शिंपडा, फावड्याने उचलून दोन पिशव्यांत बांधा. मग त्या जागेवर आणि फावड्यावर उकळतं पाणी ओता. ब्लीचने ही अंडी मरत नाहीत, इथे बहुतेकजण फसतात. मुलांच्या वाळूच्या खड्ड्यावर रोज झाकण घाला. माळ्यावरच्या रुईसारख्या इन्सुलेशनमध्ये घाण झाली असेल तर ती व्यावसायिकांकडूनच काढून घ्या.

९. चावला, ओरखडलं किंवा आजारी दिसला तर

कुत्रा चावल्यावर लस घ्यायची हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. इथेही नियम तोच. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. ओंटारिओत २०१५ च्या डिसेंबरात हॅमिल्टन भागात रॅकूनमध्ये रेबीज सापडला होता, त्याआधी दहा वर्षं तो दिसला नव्हता. म्हणून 'टोरांटोत कुठला रेबीज' असं म्हणून टाळू नका. रेबीजची लस सार्वजनिक आरोग्य विभागामार्फत मोफत मिळते. त्या प्रांतात रेबीज रोखायला सरकार लसयुक्त आमिषंही टाकतं, खाकी-हिरव्या रंगाची, गोडसर वासाची छोटी पाकिटं. मुलांना ती उचलू नका म्हणून सांगा.

झिंगल्यासारखा चालणारा, डोळ्यांतून घाण वाहणारा, माणसाला न घाबरता जवळ येणारा रॅकून बहुधा डिस्टेंपरने आजारी असतो. तो रोग माणसाला होत नाही, कुत्र्याला होतो. त्यामुळे कुत्र्याची लस वेळेवर द्या. अशा प्राण्याजवळ न जाता ३११ ला कळवा.

रॅकून चुकून घरात शिरला तर आतली सगळी दारं लावून घ्या, बाहेरचं दार सताड उघडा, आणि मुलं व पाळीव प्राणी घेऊन खोलीबाहेर या. त्याला कोपऱ्यात गाठू नका. वाट दिसली की तो जातो.

१०. भाडेकरू असाल, किंवा कंत्राटदार बोलवणार असाल तर

भाड्याच्या घरात ही दुरुस्ती घरमालकाची जबाबदारी आहे. ओंटारिओच्या २००६ च्या निवासी भाडेकरू कायद्यात घर चांगल्या स्थितीत ठेवायचं बंधन मालकावर आहे. फोनवर बोलून थांबू नका, लेखी कळवा. आपल्याला मालकाला लिहायचा संकोच वाटतो, तो बाजूला ठेवा.

जवळ ठेवायची कागदपत्रं:

- भाडेकरार, मालकाला पाठवलेली ईमेल आणि त्यांची उत्तरं
- भोकाचे, विष्ठेचे, नुकसानीचे तारखेसह फोटो, आवाजाचं रेकॉर्डिंग
- स्वतःचं घर असेल तर विमा पॉलिसी. रॅकूनने केलेलं नुकसान अनेकदा वगळलेलं असतं, ते आधीच वाचून ठेवा
- कंत्राटदाराचं लेखी अंदाजपत्रक, विम्याचा पुरावा, कामाची हमी किती वर्षांची ते

कंत्राटदाराला पहिला प्रश्न विचारा: 'पिल्लं आहेत का, हे तुम्ही कसं तपासता?' उत्तर नीट आलं नाही तर दुसरा माणूस शोधा. 'पकडून लांब सोडतो' म्हणाला तरीही दुसरा शोधा.

जर्मनीतल्या कासेलकडच्या एका मैत्रिणीने विचारलं होतं म्हणून सांगते: तिथेही रॅकून आहेत, १९३४ मध्ये एडरझे तलावाजवळ सोडलेल्यांचे वंशज. सवयी त्याच, कायदा वेगळा. त्यामुळे सोडण्या-पकडण्याबाबत तिथल्या नगरपालिकेला विचारूनच पुढे जा.

आता तारीख लावून घ्या. फेब्रुवारीच्या मध्यावर, पिल्लं व्हायच्या आधी, दुर्बीण घेऊन घराभोवती एक चक्कर मारा. वळचण, झडपा, चिमणीची टोपी. सैल पट्टी दिसली आणि आत कोणी नाही याची खात्री झाली, तर तेव्हाच जाळी बसवून टाका. तेव्हा राहून गेलं आणि मार्च उजाडला, तर माळ्याखाली कान देऊन ऐका आणि गरज पडली तर जुलैपर्यंत थांबा.